बापाच्या खोकल्याची हाळी

शकुने ते भांडण ऐकलं कपड्यांच्या मशीनमागे उभं राहून. मुद्दाम नाही ऐकलं. पण लॉन्ड्री आणि गॅरेज यांच्या मधली भिंत इकडच्या घरांत असते तशीच, पापडाची. पलीकडे कोणी सुस्कारा टाकला तर अलीकडे कळतो. आणि त्या संध्याकाळी पलीकडे सुस्कारे चाललेले नव्हते.

तिचा नवरा काशिनाथ आणि धाकटा दीर गुरुनाथ दोघे रानातून डुक्कर मारून आले होते. काशिनाथ वाटे घालत होता. वाटे घालायची रीत बापाने शिकवलेली, आंबोली घाटाखालच्या गावात चालायची तीच: मारणाऱ्याला डोकं, बरोबर असणाऱ्या सगळ्यांना सारखा वाटा, रक्ताच्या प्रत्येक घराला एक, रानाच्या राखणदार देवाला एक, आणि कुत्र्याला एक.

"हा कोणाचा?" गुरुनाथचा आवाज.

"भुऱ्याचा."

"भुऱ्या सकाळीच गेला ना."

"कोणाच्या हाताने गेला?"

"नेचे हलले. मला डुक्कर वाटलं."

"वाटलं. बाबा काय सांगायचे? पान हललं म्हणजे वारा. चार पाय, मान, डोकं दिसेपर्यंत बोट आत न्यायचं नाही. आवाजावर गोळी घालतो तो शिकारी नव्हे, तो आंधळा."

"बाबा गेले तिकडे. इकडे मेलेल्या कुत्र्याला वाटा कोण देतं? पुरलास त्याच खड्ड्यात टाकायचास. खाल्ला असता त्याने."

आणि गुरुनाथ हसला. ते हसू अर्धं झालं असेल-नसेल, तेवढ्यात दगडावर नारळ फुटावा तसा आवाज आला.

शकु दार उघडून आत गेली तेव्हा गुरुनाथ फ्रीझरला टेकून जमिनीवर बसला होता आणि स्वतःचा पुढचा दात तळहातावर घेऊन बघत होता. काशिनाथच्या हातात मटण तोडायची फळी होती. सगळ्या वाट्यांवर रक्त उडालं होतं, आणि त्यातलं डुकराचं कुठलं नि दिराचं कुठलं ते देवालाही सांगता आलं नसतं. शकुने सगळं धुऊन घेतलं. टाकणार कसं, चांगलं बारा किलो होतं.

भुऱ्याचं असं झालं होतं की गोळी पोटातून आरपार गेली, पण जीव गेला नाही. कुत्रा आपलंच आतडं मागे ओढत काशिनाथच्या पायाशी आला आणि शेपटी हलवू लागला. कत्तलखान्यात रोज शेकडो मेंढ्यांवरून फिरणारा काशिनाथचा हात त्या एका गळ्यावर मात्र दोनदा फिरवावा लागला.

ही गोष्ट दोन हजार पाचची. त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलले नाहीत. गुरुनाथ हॅमिल्टन सोडून वर ऑकलंडच्या बाजूला, टाकानिनीला राहायला गेला. पण वाटा तुटला नाही. दर वर्षी एप्रिलात काशिनाथ एखादं हरीण मारायचा, वाटे घालायचा, आणि एक वाटा वर्तमानपत्रात गुंडाळून, गाडीत घालून सव्वा तास टाकानिनीला जायचा. घंटी वाजवायची नाही. पिशवी दाराच्या मुठीला अडकवायची, गाडीत येऊन बसायचं, हॉर्न दोनदा द्यायचा आणि निघायचं. परतताना बॉम्बे नावाच्या गावाला थांबून चहा प्यायचा. मुंबई सोडून माणूस पृथ्वीच्या टोकाला आला, तरी चहाला बॉम्बेतच, असं शकु म्हणायची.

"भाऊ म्हणून तोंड बघवत नाही, आणि मटण पोचवायला पेट्रोल जाळता," ती एकदा म्हणाली.

"भांडण त्याच्याशी आहे," काशिनाथ म्हणाला. "वाट्याशी नाही."

काशिनाथ दिसायला अगदी साधा माणूस. मुंबईत खानावळीत स्वयंपाकी होता, तिथून शहाऐंशी साली इकडे एका हॉटेलात आला. मालकाने दीड वर्ष रक्त आटवलं, मग याने कत्तलखान्यात सुरी धरली आणि दोन वर्षांत भावाला आणवलं. अठरा वर्षं लाइनीवर उभा राहिला. दिवसभर रक्तात घोट्यापर्यंत, पण घरी आला की आधी अंघोळ, मग तुळशीला पाणी. सून स्नेहल पुण्याची, घासफूस खाणारी. तिच्यासाठी गॅरेजात वेगळा फ्रीझर केला आणि त्यावर स्वतःच्या हाताने पाटी लावली, 'स्नेहलने उघडू नये.' आवाज चढवलेला कोणी ऐकला नाही. त्या गॅरेजातल्या संध्याकाळी चढवला असेल तोच.

रान मात्र त्याच्या अंगात होतं. या देशात कोल्हा नाही, लांडगा नाही, साप नाही. रानात भ्यायचं तर फक्त माणसाला. हे तो जुईला, म्हणजे नातीला, पहिल्या दिवशीच सांगून बसला होता.

जुई इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. अठरा पुरी झाली आणि तिने सांगितलं की मलाही आजोबांबरोबर जायचंय. स्नेहल दोन दिवस जेवली नाही. मकरंद, जुईचा बाप, म्हणाला, परवाना काढलाय तिने, परीक्षा पास झालीय, आता बोलून काय उपयोग. काशिनाथ बंदूक साफ करताना गुणगुणत होता ते शकुने ऐकलं.

एप्रिलात इकडचे तांबडे नर माजावर येतात. सांबरासारखे मोठे, मानेला आयाळ. पहाटे डोंगरात डरकतात, आणि त्यांना दुसऱ्या नराची डरकणी ऐकवली की चवताळून चालून येतात. माणूस तोंडाने डरकतो, पण आवाज घुमायला नळी लागते. कोणी बैलाचं शिंग वापरतं. काशिनाथ व्हॅक्यूम क्लीनरची लवचीक नळी वापरायचा. त्यामुळे दर एप्रिलात शकुच्या घरात केर साठायचा आणि पाहुणे आले की तिला सांगावं लागायचं, नळी शिकारीला गेलीय.

काशिनाथ आणि गुरुनाथ ही हाळी बापाकडून शिकलेले. बाप सांबरासाठी रिकाम्या मडक्यात तोंड घालून हाळी द्यायचा. बिड्या ओढून छाती जाळलेली, त्यामुळे हाळी संपता संपता त्याला खोकला यायचा. दोन पोरं शिकली ती खोकल्यासकट. पुढे कळलं की सांबर काही खोकत नाही, पण तोवर जिभेला वळण पडलं होतं.

परसात जुईला शिकवताना काशिनाथने आधी तशीच हाळी दिली. शेवटी दोनदा खोकला.

"आजोबा, इज द डिअर सिक?" जुईने विचारलं.

काशिनाथ इतका हसला की नळी हातातून पडली. "बरं, खोकला राहू दे," तो म्हणाला. आणि तेवढं सोडून बाकी सगळं शिकवलं. पोरीचा घसा चांगला. तिची हाळी ऐकून शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारलं की शकु बरी आहे ना.

दोन हजार चौदाच्या एप्रिलातला एक शनिवार. पहाटेच्या काळोखात निघून आजोबा-नात पुरेओराच्या रानात शिरले. उजाडता उजाडता ती घळ आली. ही घळ दोघा भावांनी मिळून शोधलेली, जुन्या दिवसांत. भांडणानंतर गुरुनाथने ती आपल्याला सोडली, असं काशिनाथ धरून चालला होता. काशिनाथने ती आपल्याला सोडली, असं गुरुनाथ धरून चालला होता. बोलत असते तर एका फोनचं काम.

एका आडव्या झाडामागे दोघं बसली. जुईच्या अंगात भडक नारिंगी जाकीट, आजोबांच्याही. बंदूक जुईकडे.

"परत सांग," काशिनाथ कुजबुजला.

"चार पाय, नेक, हेड. होल अ‍ॅनिमल."

"आणि नाही दिसलं तर?"

"देन इट्स नॉट अ डिअर. इट्स समबडीज अंकल." हा काशिनाथचाच विनोद होता, तिने इंग्रजीत फिरवलेला.

जुईने नळी तोंडाला लावली आणि डरकली. तिच्या हाळीत तरण्या नराची गुर्मी होती. घळीच्या पलीकडून उत्तर आलं. जाड, घोगरं, म्हातारं. जुईचे डोळे मोठे झाले. काशिनाथनेही मान डोलावली. खरं तर बरंच लांब होतं, नीट ऐकू येत नव्हतं. जुई पुन्हा डरकली. उत्तर जवळ आलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं ते अगदी खालून, नेच्यांच्या गचपणातून, आणि फांद्यांवर शिंगं घासल्यासारखा कराकरा आवाज आला.

जुईने बंदूक झाडावर टेकवली. चाळीस पावलांवर नेचे हलत होते. मधे काहीतरी तपकिरी दिसत होतं. सेफ्टी खटकन उतरली.

"थांब. अख्खं दिसू दे."

"आय कॅन सी इट, आजोबा. द नेक."

तेवढ्यात ते तपकिरी पुन्हा डरकलं, आणि डरकणी संपता संपता दोनदा खोकलं.

काशिनाथने तो खोकला ओळखला. बाप मरून तीस वर्षं झाली होती. या पृथ्वीवर असं खोकणारी दोनच माणसं उरली होती, आणि त्यातलं एक इथे झाडामागे बसलं होतं. दुसरं तिथे होतं, आणि ते आवाजावर गोळी घालायचं.

त्याने "गुर्‍या" अशी हाक मारली आणि त्याच क्षणी जुईच्या बंदुकीची नळी हाताने वर उडवली. जुईचं बोट आत गेलेलंच होतं. गोळी वर रिमूच्या झाडात घुसली, सालपटं उडाली. दुसऱ्या हाताने त्याने पोरीचं डोकं धरून चिखलात दाबलं. त्यासाठी त्याला अर्धं उभं राहावं लागलं.

गुरुनाथ अठरा वर्षं कत्तलखान्याच्या करवतींत राहिलेला. कानाने अर्धा गेलेला. हाक त्याला नराच्या गुरगुरण्यासारखी आली, आणि झाडामागून काहीतरी उठलेलं दिसलं. त्याने गोळी घातली.

डावा हात कोपराच्या वर फुटला. फुटला हाच शब्द. हाड पांढरं बाहेर आलं, मांसाचा लगदा जाकिटाच्या चिंध्यांत मिसळला, आणि रक्त पिचकारीसारखं जुईच्या मानेवर, केसांत, तोंडात गेलं. काशिनाथ बसला. पडला नाही, बसला, बस थांब्यावर बसतात तसा. हाताकडे पाहून त्याच्या मनात आलं ते असं की, ही गाय असती तर एवढा तुकडा कुत्र्याच्या डब्यात गेला असता.

नेचे बाजूला सारत गुरुनाथ आला. तपकिरी जाकीट, नारिंगी काहीच नाही. पिकलेला, वाकलेला. त्याने आधी नारिंगी रंग पाहिला, मग रक्त, मग पोरगी.

"कोण आसा?" तो म्हणाला.

जुई उठली आणि तिने बंदुकीचा दस्ता दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर घातला. गुरुनाथ मागे कोलमडला. नऊ वर्षांपूर्वीचा खोटा दात दोन खऱ्यांना घेऊन गेला. तिने पुन्हा दस्ता उचलला. आता तिला तो चेचायचाच होता, आणि तेवढा जोर तिच्यात होता.

"जुई," काशिनाथ म्हणाला. "पट्टा."

"ही शॉट यू."

"पट्टा काढ त्याच्या कंबरेचा. माझ्या हाताला बांध. मग मार."

तिने दस्ता खाली टाकला. गुरुनाथने आपणच पट्टा काढला, रक्त थुंकत गुडघ्यांवर सरकत आला, आणि दंडाला गुंडाळून दातांनी, उरलेल्या दातांनी, ओढला. काशिनाथ गुरासारखा ओरडला. जुईने आजोबांच्या खिशातला मदत बोलवायचा बीकन काढला, कळ दाबली, दिवा लुकलुकू लागला. मग ती वळली आणि ओकली.

हेलिकॉप्टर यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दोघे भाऊ नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलले.

"बोंब मारूची नाय?" गुरुनाथ म्हणाला.

"मारलंय. तुझे कान खंय?"

गुरुनाथने पट्टा आणखी आवळला. त्याने जुईकडे पाहिलं. मग म्हणाला, "चेडवाच्या हाळीत खोकलो नाय होतो."

"नाय शिकवलंय."

"कित्याक?"

"हसली ती."

गुरुनाथ तिथेच चिखलात कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. काशिनाथ त्याच्याकडे पाहत होता, पण त्याचे ओठ निळे पडायला लागले होते आणि जीभ जड झाली होती. जुई त्याच्या उजव्या हाताला धरून बसली होती. त्याने एवढंच म्हटलं, "तिने मारलं असतं तुला. माझ्या पोरीच्या हातून तू गेला असतास. तिला जन्मभर ते... हात गेला तर जाऊ दे."

हात गेलाच. खांद्याच्या चार बोटं खाली कापला. गुरुनाथने पोलिसांना सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही, आवाजावर गोळी घातली असंच सांगितलं. बंदुका गेल्या, परवाना गेला. खटला वर्षअखेरीला लागला आणि सहा महिन्यांची घरकैद झाली. घोट्याला पट्टा, फाटकाबाहेर पाऊल नाही.

जुईने मात्र बंदुकीकडे पाहायचं सोडलं. हिवाळाभर ती रात्री दचकून उठायची. तिला आजोबांचा हात दिसायचा नाही. तिला दिसायचं ते नेच्यांतलं तपकिरी, आणि आपलं बोट. "आय वॉज गोइंग टू डू इट, आजी," तिने एकदा शकुला सांगितलं. "आय सॉ अ नेक. देअर वॉज नो नेक." शकुने तिचे केस विंचरून दिले. दुसरं काय करणार. शाळा चौथीपर्यंत झालेल्या बाईकडे अशा गोष्टीला फणीच असते.

पुढच्या एप्रिलात काशिनाथने गॅरेजात नळी शोधली आणि एका हाताने खांद्यावर टाकली.

"चल," तो जुईला म्हणाला.

"नो."

"बंदूक नको घेऊस मग. नुसती हाळी दे. माझा दम पुरत नाही आता."

स्नेहल दारात उभी राहिली. सगळ्यांना वाटलं ती रस्ता अडवेल. पण ती म्हणाली, "ज्याला भ्यालं त्याकडे बघितल्याशिवाय ही झोपणार नाही. बाबा, तिला घेऊन जा. आणि माणसं परत आणा, हरीण नाही आणलंत तरी चालेल."

जुईने शेवटी बंदूक घेतली. तीच घळ, तेच आडवं झाड. वर रिमूची साल अजून फुटलेली होती. ती डरकली, आणि शेवटी दोनदा खोकली. कोणी सांगितलं नव्हतं. काशिनाथने तोंड फिरवलं.

उत्तर आलं. नेचे हलले. तपकिरी दिसलं. जुईने बंदूक टेकवली आणि थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला, पण तिने पुसला नाही. मग नर बाहेर आला: चार पाय, चिखलाने माखलेली आयाळ, शिंगं, तोंडातून वाफ. तरीही ती थांबली, त्याने मान वळवून तिच्याकडे पाहीपर्यंत. मग एकच गोळी. नर पुढच्या गुडघ्यांवर आला, तोंडातून लाल फेस आला, पाय झाडत तो पन्नास हात घसरत गेला आणि पडला.

पोट तिनेच फाडलं, कोपरापर्यंत हात घालून. काशिनाथ बाजूला बसून सांगत होता, सुरी आडवी धर, आतडं फुटू देऊ नको. राखणदाराचा वाटा तिने झाडाच्या बुंध्यावर ठेवला. घरी गॅरेजात तिनेच वाटे घातले. कुत्रा नव्हता, तरी कुत्र्याचा ठेवला. एक वाटा उरला.

"दॅट्स नॉट हिज," जुई म्हणाली.

"त्याचाच आहे."

"ही टुक युअर आर्म."

"घेतला. पण जन्मला माझ्या घरात, ते तर नाही कोणी घेतलं. वाटा जन्माचा असतो, पोरी. नेम चुकला म्हणून जन्म चुकत नाही."

तिने हात धुतले. मग वर्तमानपत्र आणायला गेली.

काशिनाथ त्या जूनमध्ये झोपेतच गेला. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. म्हणजे ती खेप शेवटची. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कोणी काही वेगळं केलं नाही.

गाडी जुईने चालवली. टाकानिनीत सगळी घरं एकसारखी, करड्या छपरांची. काशिनाथने नेहमीसारखं एक वळण चुकवून मग बरोबर दाखवलं. तो उतरला. पिशवी दातांत धरून त्याने फाटकाची कडी काढली, पिशवी पुन्हा हातात घेतली, पायऱ्या चढला. घरात टीव्ही चालू होता. कोणीतरी तो बंद केला. काशिनाथने घंटीकडे पाहिलं नाही. पिशवी दाराच्या मुठीला अडकवली, सरळ लोंबतेय ना ते पाहिलं, आणि परत येऊन गाडीत बसला.

जुई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिली.

त्याने उजवा हात तिच्यापुढून नेला आणि हॉर्न दोनदा दिला.

"चल," तो म्हणाला. "बॉम्बेला चहा घेऊ."